बॅटरीवरचा आळ

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवरून राइट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा त्याचे इंजिन बॅटरीच्या विजेवर सुरू झाले होते. पण ती बॅटरी विमानाबरोबर वर गेली नाही. कोरडे सेल आणि कॉइल असलेली एक पेटी इंजिन सुरू करण्यापुरती जोडायची, इंजिनाने वेग घेतला की ठिणगीचे काम त्याच्याच गतीवर फिरणाऱ्या छोट्या मॅग्नेटोकडे सोपवायचे आणि पेटी काढून खाली ठेवायची, अशी ती व्यवस्था होती. वजन वाचवण्यासाठी केलेल्या या तजविजीत पुढल्या अनेक दशकांच्या हलक्या विमानांचा एक पक्का विचार दडलेला आहे: इंजिन चालत राहायला बॅटरी लागता कामा नये. या विचाराने असंख्य माणसांचे जीव वाचवले, यात शंका नाही. पण त्याच विचाराने विजेचे सर्किट विमानात दुय्यम राहिले, आणि त्यातला बिघाड शोधण्याची विद्याही दुय्यमच राहिली. सेल मारला, म्हणजे स्टार्टर दाबला, आणि पंखा फिरला नाही की बॅटरी बदलायची, ही रीत जगभरच्या हँगरांत रूढ झाली. माझे म्हणणे असे की बॅटरीवर येणारा हा आळ फार वेळा चुकीच्या जागी येतो. दोष असतो तो बॅटरीतून निघून बॅटरीपर्यंत परत येणाऱ्या वाटेवर. ती वाट तपासायची सवय हलक्या विमानांच्या जगाला का लागली नाही, याचे उत्तर त्या विमानांच्या इतिहासात सापडते.

मॅग्नेटो हे यंत्र आपल्यापुरते स्वयंपूर्ण असते. कायमचुंबक आणि वेटोळे यांच्या फिरण्यातून ते स्वतःच वीज निर्माण करते आणि स्पार्क प्लगपर्यंत पोहोचवते. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९०२ साली गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि पुढे विमानांनी तो उचलला. एका इंजिनावर दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग हा संकेत पडला. त्याच्या स्विचची रचनाही बोलकी आहे. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे त्याची तार विमानाच्या धातूला जोडायची. तार तुटली तर मॅग्नेटो चालूच राहतो. जमिनीवर हे धोक्याचे आहे, कारण स्विच बंद असूनही पंखा हलवला तर इंजिन पेटू शकते. हवेत मात्र हाच दोष वैमानिकाला तारतो. यावर कोणी म्हणेल की बॅटरीवर चालणारे प्रज्वलन विमानात आलेच नाही असे नाही, आणि ते खरे आहे. १९१७ साली अमेरिकेने युद्धासाठी बनवलेल्या लिबर्टी इंजिनात डेल्को कंपनीची बॅटरी-आणि-जनरेटरवर चालणारी पद्धत होती आणि ती इंजिने हजारोंनी बनली. पण युद्धानंतर छोट्या नागरी विमानांसाठी कॉन्टिनेंटल आणि लायकमिंग यांनी जी इंजिने बनवली ती दोन मॅग्नेटोंवरच उभी राहिली. लिबर्टी हा अपवाद होता, आणि तो हलक्या विमानांच्या वाटेवर नव्हता.

या वाटेवरचे सगळ्यांत प्रसिद्ध विमान म्हणजे पायपर जे-३ कब. १९३८ ते १९४७ या काळात ते जवळपास २०,००० बनले, आणि त्यात विजेची व्यवस्थाच नव्हती. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, दिवे नाहीत. एक माणूस पुढे उभा राहून पंखा हाताने फिरवायचा आणि दुसरा आत बसून थ्रॉटल सांभाळायचा. आपल्याकडे याच कुळातले विमान म्हणजे हिंदुस्थान एअरक्राफ्टचे पुष्पक. १९५८ साली ते पहिल्यांदा उडाले. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे हे त्या काळात बंगळूरच्या विमानरचनेचे प्रमुख होते. पुष्पकाचे ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिनही पंखा हाताने फिरवूनच सुरू करावे लागे, आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांत माणसांच्या एका पिढीचा हात त्या पंख्यावर बसला. अशा विमानांवर शिकलेल्या मेकॅनिकला विजेचा बिघाड शोधण्याची गरज कधी पडलीच नाही. परवान्यांची पद्धतही तेच सांगते. ब्रिटिशांनी घालून दिलेल्या आणि भारतातही आलेल्या जुन्या वर्गवारीत विमानाच्या सांगाड्याला आणि इंजिनाला ए, बी, सी, डी अशी मानाची अक्षरे होती. होकायंत्र, उपकरणे आणि विजेचे सामान यांना मिळाले एक्स. ज्याला मुख्य चौकटीत जागा नाही ते सगळे त्या एका अक्षरात कोंबले गेले, आणि शिकाऊ माणसाच्या मनातही विजेला तीच जागा मिळाली.

विमानात वीज आली ती मोटारीतून. चार्ल्स केटरिंग यांचा स्वयंचलित स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि हॅंडल मारण्याचे दिवस सरू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत छोट्या विमानांची लाट आली. एकट्या १९४६ साली तिथे ३०,००० हून अधिक नागरी विमाने बनली. त्या वर्षी सेस्नाने दोन जुळी विमाने बाजारात आणली. १२० हे स्वस्त आणि साधे होते. १४० मध्ये स्टार्टर, जनरेटर, बॅटरी आणि दिवे होते. वीज ही त्या काळी जास्त पैसे देऊन विकत घ्यायची सोय होती, हे या जोडीवरून स्पष्ट दिसते. जनरेटर, स्टार्टर, रेग्युलेटर हे बरेचसे मोटारीच्या कारखान्यांतून आलेले किंवा त्यांच्या धर्तीवर बनलेले होते, आणि त्यांच्याबरोबर मोटारगॅरेजची दुरुस्तीची रीतही आली. मोटारीत बॅटरी आणि स्टार्टर एकमेकांजवळ असतात, तारा जाड आणि आखूड असतात, लोखंडी सांगाडा भक्कम असतो, आणि तिथे बॅटरी बदलून बघणे बऱ्याचदा फळते. विमानात तोल सांभाळण्यासाठी बॅटरी कुठेही जाऊ शकते. सेस्ना १७२ मध्ये ती इंजिनामागच्या भिंतीवर, म्हणजे स्टार्टरपासून हातभरावर असते. पण सेस्ना १८२ मध्ये ती शेपटीकडे असते आणि तिथून नाकापर्यंतचा प्रवास अख्ख्या विमानाच्या लांबीचा होतो. पायपरच्या चेरोकी मालिकेतल्या अनेक विमानांतही बॅटरी केबिनच्या मागच्या भागात होती, आणि वजन व खर्च वाचवण्यासाठी तिच्या जाड केबल अॅल्युमिनियमच्या होत्या. पुढे मालकांनी त्या काढून तांब्याच्या केबल घालण्याचा सपाटा लावला. आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर बदलला, तरी थंडीत पंखा जेमतेमच फिरतो, अशा अनुभवानंतर त्यांना केबल आठवली.

या गोष्टीच्या मुळाशी परतीची वाट आहे. विजेला जायला जशी तार लागते तशी यायलाही लागते, आणि ती दुसरी तार वाचवण्याचा मोह विद्युततंत्राइतकाच जुना आहे. म्युनिकचे कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यांनी १८३८ साली दाखवून दिले की तारायंत्राची परतीची वाट जमिनीतून नेता येते. मोटारीने जमिनीऐवजी आपला सांगाडा वापरला, आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या विमानाने तीच युक्ती उचलली. विमानात जमीन नसते, तरी त्या परतीच्या वाटेला अर्थच म्हणतात. ही युक्ती अंगावर शेकते ती अॅल्युमिनियमच्या स्वभावामुळे. हवेशी गाठ पडताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो थर वीज नेत नाही. तारेच्या टोकाचा तांब्याचा किंवा पितळेचा लग त्याच्यावर आवळला, मध्ये ओल शिरली, की दोन धातूंची रासायनिक झुंज सुरू होते आणि अॅल्युमिनियम हरते. कोकण-गोव्याच्या खारट हवेत ही झुंज वेगाने होते. बोल्ट वरून चकचकीत दिसतो, हाताला घट्ट लागतो आणि त्याच्याखाली पांढरी भुकटी साठत राहते. ओहमचा नियम इथे निर्दय आहे. छोट्या इंजिनाचा स्टार्टर सहज २०० अँपिअर ओढतो. वाटेत कुठेही एका ओहमचा शंभरावा हिस्सा एवढा रोध तयार झाला, तर २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट खर्च होतात. भार पडल्यावर १२ व्होल्टची बॅटरी आधीच दबलेली असते, त्यात हे २ व्होल्ट गेले की स्टार्टर नुसता कण्हतो. अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाच्या दुरुस्तीविषयक मार्गदर्शनात अशा जोडांसाठी एका ओहमचे तीन हजारांश भाग एवढी मर्यादा सांगितली आहे. ही मर्यादा पाहिली म्हणजे साध्या मीटरवर ओहम मोजून हा दोष का सापडत नाही ते कळते. मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्याहून मोठा असतो.

म्हणून योग्य पद्धत एकच उरते: प्रवाह वाहत असताना मोजायचे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी स्टार्टरच्या अंगाला लावायची, पंखा मोकळा आहे आणि मॅग्नेटो बंद आहेत याची खात्री करून सेल मारायचा आणि काटा किती हलतो ते बघायचे. आदर्श परतीच्या वाटेत काटा जवळपास शून्यावर राहतो. तो शून्यापासून ठळकपणे पुढे गेला तर तारा पुढे सरकवत प्रत्येक जोडावर किती व्होल्ट गळतात ते पाहत जायचे. ज्या जोडावर उडी दिसते तो चोर. यात नवे काही नाही. एडवर्ड वेस्टन यांचे सुवाह्य, अचूक मीटर १८८८ पासून मिळत होते. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी यांनी अनेक मीटर वागवण्याला कंटाळून व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारे एकच यंत्र बनवले आणि १९२३ साली ते आव्हो मीटर म्हणून बाजारात आले. आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपांत ते अजून सापडते. साधने होती आणि नियमही माहीत होता. नव्हती ती गरज, कारण वीज गेली तरी विमान उडत होते.

साधनांच्या प्रगतीने या प्रश्नात मदत केली तशी दिशाभूलही केली, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. जुना मेकॅनिक टेस्ट लॅम्प वापरायचा: एक बल्ब, दोन तारा. त्या बल्बला पेटायला खराखुरा प्रवाह लागतो, त्यामुळे वाटेत फार खराब जोड असला तर तो मिणमिणतो. १९७७ नंतर हातात मावणारे डिजिटल मल्टिमीटर आले. त्यांचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहमचा असतो, म्हणजे ते सर्किटमधून जवळपास काहीच प्रवाह घेत नाहीत. अचूकतेसाठी हे उत्तम आहे. पण गंजलेल्या जोडापलीकडे असा मीटर लावला आणि सर्किट निष्क्रिय असले, तर पडद्यावर पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात. नळ बंद असताना पाइपात दाब पुरेपूर असतो, पाइप गाळाने भरलेला आहे हे नळ उघडल्यावरच कळते, तसेच हे. "इथपर्यंत व्होल्टेज आहे, म्हणजे तार ठीक आहे" असे ठरवून माणूस पुढे सरकतो आणि शेवटी स्टार्टर किंवा बॅटरी उतरवतो. जुन्या बल्बने जो दोष निदान सुचवला असता तो नव्या मीटरने झाकला. दोष मीटरचा नाही. भाराशिवाय केलेले मोजमाप कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे शिकवायचे राहून गेले.

बॅटरी कॉन्टॅक्टर, ज्याला हँगरात मास्टर सोलेनॉइड म्हणतात, त्याची रचना याच प्रकारचा गोंधळ वाढवते. वैमानिकाचा मास्टर स्विच बॅटरीचा जाड प्रवाह स्वतः तोडत-जोडत नाही. बॅटरीजवळ एक कॉन्टॅक्टर असतो, त्याच्या कॉइलचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला कायम जोडलेले असते, आणि मास्टर स्विच त्या कॉइलचे दुसरे टोक अर्थला जोडतो. हे उलटे वाटते, पण यात शहाणपण आहे. केबिनमध्ये कायम जिवंत राहणारी जाड तार आणावी लागत नाही, आणि ही बारीक तार कुठे घासून विमानाच्या अंगाला टेकली तर ठिणग्या उडण्याऐवजी फक्त मास्टर बंद होणे थांबते. मात्र दोष शोधताना ही रचना माहीत नसेल तर माणूस चकतो. मास्टर चालू केला, खट्‌ असा आवाज आला नाही, मीटर लावला, कॉइलच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट. दोन्हीकडे वीज आहे म्हटल्यावर कॉन्टॅक्टर मेला असे वाटते. खरे तर दोन्ही टोकांना पूर्ण व्होल्टेज याचा अर्थ कॉइलमधून प्रवाहच वाहत नाही आणि वाट स्विचच्या बाजूला, म्हणजे अर्थाकडे तुटली आहे. उलट खट्‌ आवाज आला तरी काम संपत नाही. कॉन्टॅक्टरच्या आतली तांब्याची चकती वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी खड्डे पडून खराब झालेली असू शकते, आणि मग भार टाकताच तिच्यावरच व्होल्ट गळतात. भर म्हणून मास्टरचा कॉन्टॅक्टर सतत चालू राहण्यासाठी बनवलेला असतो आणि स्टार्टरचा क्षणभरासाठी, पण दोन्ही दिसायला सारखे. चुकून क्षणभराचा कॉन्टॅक्टर मास्टरच्या जागी बसला की तासाभरात तापून त्याची कॉइल जळते. या सगळ्या बिघाडांत वैमानिकाला दिसणारे लक्षण एकच: बॅटरी उतरल्यासारखे वाटते.

१९६० च्या दशकात सिलिकॉन डायोड स्वस्त झाले आणि जनरेटरची जागा अल्टरनेटरने घेतली. जनरेटरच्या काळातला खास रोग होता कटआऊटचा. इंजिन मंद झाले की जनरेटर बॅटरीपासून सोडवणारी ती छोटी रिले चिकटून बसली तर बॅटरीच जनरेटरला मोटारीसारखे फिरवायला जाई आणि उतरे. डायोड उलट प्रवाह जाऊ देत नाहीत, तेव्हा तो रोग गेला. पण अल्टरनेटरला सुरुवातीला आपल्या फील्डसाठी बाहेरून वीज लागते, आणि ती बॅटरीच देते. म्हणजे जो जनरेटर थोड्याशा उरलेल्या चुंबकत्वावर स्वतः उठून उभा राहत होता, त्याच्या जागी आलेला अल्टरनेटर पूर्ण मेलेल्या बॅटरीबरोबर उठतच नाही. दोन अर्ध्या भागांचा बॅट आणि अल्ट असा मास्टर स्विच याच काळातला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सेस्नाने १७२ मध्ये २४ व्होल्टची बॅटरी आणली. तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरतो, म्हणून तारा बारीक होतात. पण त्याच हिशेबाने खराब जोडावर निम्मेच व्होल्ट गळतात, आणि तेही दुप्पट व्होल्टेजमधून, म्हणजे नुकसानीचा वाटा चौथाई होतो. मोठीच सुधारणा, आणि म्हणूनच दोष आणखी बराच काळ लपून राहू शकतो. विमानाच्या विजेचा इतिहास मला याच क्रमाने दिसतो: प्रत्येक सुधारणेने एक रोग बरा केला आणि दुसऱ्या रोगाची लक्षणे पुसट केली.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सगळ्यांत जोरकस आक्षेप असा की बॅटऱ्या खरोखर बाद होतात. होतातच. लेड-अॅसिड बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने उभी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि क्षमता घटते. पावसाळ्यात हँगरात अडकलेल्या विमानांचे हेच होते. पण या आक्षेपाकडे नीट पाहिले तर तो माझ्याच बाजूने बोलतो. बॅटरी बाद झाली हे ठरवायची रीत आहे: ती पूर्ण चार्ज करून ठरावीक प्रवाहाने उतरवायची आणि किती वेळ टिकते ते घड्याळावर मोजायचे. छापील क्षमतेच्या ८० ते ८५ टक्क्यांखाली ती गेली की उत्पादक तिला उड्डाणाला अयोग्य ठरवतात. स्टार्टर फिरला म्हणजे बॅटरी चांगली, हे मोजमाप इथे उपयोगाचे नाही, कारण काही सेकंद २०० अँपिअर देणारी बॅटरी अर्धा तास १५ अँपिअर देऊ शकेलच असे नाही. अमेरिकी नियमांत छोट्या विमानांसाठी, वीजनिर्मिती पूर्ण बंद पडल्यावर बॅटरीने अत्यावश्यक उपकरणे ३० मिनिटे चालवावीत, ही अट १९९० च्या दशकात आली. म्हणजे अंदाजाने बॅटरी बदलणारा चांगली बॅटरी फेकतो, आणि अंदाजाने न बदलणारा बाद बॅटरी घेऊन रात्री उडतो. चूक दोघांची एकच: दोघांनीही मोजले नाही.

विजेला दुय्यम मानण्याची किंमत किती मोठी असू शकते हे ऑक्टोबर १९८३ मध्ये इलिनॉयमध्ये दिसले. एअर इलिनॉयचे हॉकर सिडली ७४८, म्हणजे आपल्याकडे कानपूरला बनलेल्या आणि अव्हरो या नावाने पिढ्यांना माहीत असलेल्या विमानाचे भावंड, स्प्रिंगफील्डहून रात्री निघाले. ते हलके विमान नव्हे, पण प्रश्न तोच होता. उड्डाणानंतर लगेच डावा जनरेटर बंद पडला. गडबडीत चांगला असलेला उजवा जनरेटर सर्किटपासून तोडला गेला, आणि तो परत जोडला गेला नाही. मागे फिरण्याऐवजी बॅटरी मुक्कामापर्यंत पुरेल या भरवशावर विमान पुढे गेले. बॅटरी पुरली नाही. उपकरणे आणि दिवे गेले आणि पिंकनीव्हिलजवळ विमान कोसळून सगळे १० जण मेले. मॅग्नेटोची गरज नसलेली ती इंजिने शेवटपर्यंत चालू होती. इंजिनाला बॅटरी लागत नाही हे तत्त्व तंतोतंत पाळले गेले, पण माणसाला अंधारात आणि ढगांत वर-खाली कळायला वीज लागत होती.

आणि पुढे ते तत्त्वही गळून पडले. डायमंड डीए-४२ या दोन इंजिनांच्या विमानात डिझेल इंजिने आली. त्यांचे इंधन आणि पंख्याचा कोन संगणक सांभाळतात आणि त्या संगणकांना वीज लागते. ४ मार्च २००७ रोजी जर्मनीतल्या श्पायर इथे अशाच एका विमानाची बॅटरी उतरलेली होती. बाहेरच्या वीजपुरवठ्यावर इंजिने सुरू झाली आणि विमान उडाले. चाके आत घ्यायला लागताच हायड्रॉलिक पंपाने प्रवाह ओढला. अशा झटक्याची भरपाई क्षणार्धात करणे हे बॅटरीचे काम, पण बॅटरीत काहीच नव्हते. व्होल्टेज क्षणभर खचले, दोन्ही इंजिनांचे संगणक एकदम नव्याने सुरू झाले, पंख्यांची पाती वाऱ्याच्या रेषेत वळली (फेदर झाली) आणि दोन्ही इंजिने थांबली. राइट बंधूंनी जमिनीवर ठेवलेली पेटी १०३ वर्षांनी इंजिनाच्या प्राणाशी बांधली गेली होती, आणि उतरलेल्या बॅटरीला बाहेरून वीज जोडून वेळ मारून नेण्याची मोटारगॅरेजातली सवय मात्र तशीच होती. यानंतर इंजिनांच्या संगणकांना स्वतंत्र राखीव बॅटऱ्या देण्यात आल्या.

आता आधुनिक विमाने आपले दुखणे आपणच सांगतात, मग मेकॅनिकने हातात मीटर घेऊन वाट का चालायची, असा दुसरा आक्षेप येतो. पडद्यावर बसचे, म्हणजे वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीचे, व्होल्टेज आणि बॅटरीचा प्रवाह दिसतो, त्याची नोंदही राहते, आणि त्या नोंदी मोलाच्या आहेत. पण संवेदक जिथे बसवला तिथलेच सांगतो. लग आणि अॅल्युमिनियमचा पत्रा यांच्यामध्ये कोणताही संवेदक नसतो. उलट नव्या विमानांनीच परतीच्या वाटेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला, कारण काचतंतूंचे विमान वीज नेत नाही. १९७० च्या दशकात बर्ट रुटान यांच्या व्हॅरिइझीसारखी विमाने घरच्या घरी बनवणाऱ्यांना परतीची प्रत्येक तार स्वतः ओढावी लागली. वाट डोळ्यांना दिसू लागली तेव्हा तिचा विचारही सुरू झाला. विचिटाचे रॉबर्ट नकल्स यांनी या हौशी बांधणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात सगळे अर्थ एका ठिकाणी आणण्याचा आणि बॅटरीची क्षमता ठरावीक काळाने मोजण्याचा आग्रह धरला आहे. पत्र्याच्या विमानांनी जे तीस वर्षे टाळले, ते ज्यांच्याकडे पत्राच नव्हता त्यांनी आधी शिकून घेतले.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि तो मी हलका मानत नाही. मेकॅनिकचे दोन तास महाग असतात, विमान उभे राहिले की प्रशिक्षणाचे वेळापत्रक कोसळते, आणि नवी बॅटरी बसवली की बहुतेक वेळा विमान त्या दिवशी सुरू होते. पण ते का सुरू होते हेही पाहायला हवे. ताज्या बॅटरीचे व्होल्टेज भाराखाली थोडे वर राहते आणि खराब जोडावर गळणारे २ व्होल्ट ती काही महिने सोसते. टोके काढून, घासून, पुन्हा आवळली जातात, तेवढ्यानेही कधीकधी दोष जातो आणि श्रेय बॅटरीला मिळते. मग नोंदवहीत एक ओळ येते: बॅटरी बदलली, तपासणी समाधानकारक. त्या ओळीने दोष सापडल्याचा आभास होतो, आणि पुढच्या मेकॅनिकच्या हाती कोणताच धागा उरत नाही. शंभर विमानांच्या नोंदवह्यांत शंभर वेळा बॅटरी बदलली असे लिहिले असले तर बॅटऱ्याच वाईट असा निष्कर्ष निघतो, आणि आळ पक्का होतो.

बारामती, धुळे, गोंदिया इथे आज मराठी मुलेमुली हलक्या विमानांवर उडायला शिकतात, आणि त्या विमानांची देखभाल करणारे तरुण अभियंतेही बरेचसे याच मातीतले आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच आहे. सेल मारल्यावर पंखा अडखळला तर बॅटरीच्या नटाला पाना लावण्याआधी भाराखाली दोन मोजमापे घ्या: बॅटरीच्या धन टोकापासून स्टार्टरच्या टोकापर्यंत एक आणि स्टार्टरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत दुसरे. ते दोन्ही आकडे, तारीख आणि कोणत्या जोडावर किती व्होल्ट गळले ते नोंदवहीत लिहा, बॅटरी बदलली तरीही लिहा.